बिटाची विरळणी

बिटाच्या वाफ्यात विरळणीला मी कात्री घेऊन बसते. आपण जे बिटाचं बी म्हणून पेरतो, तो बहुतेक वाणांत दोन-चार बियांचा चिकटलेला गोळा असतो. त्यामुळे कितीही अंतर राखून टोकलं तरी एकाच जागी रोपांचा झुबका उगवतो. मुळं इतकी गुंतलेली असतात की एक रोप उपटलं की शेजारचंही हलतं. म्हणून नको असलेलं रोप जमिनीलगत कापायचं.

खरी पानं (उगवताना दिसणाऱ्या पहिल्या दोन पानांनंतरची) फुटली की हे काम उरकते. ठेवायचं कोणतं, यावर मात्र माझा वेळ जातो. सगळ्यात उंच रोप हमखास निवडू नये. ते उजेडाच्या ओढीने नुसतंच लांबलेलं असू शकतं. मी बुटकं, जाड देठाचं ठेवते. दोन रोपांत साधारण 8 ते 10 सेंमी अंतर.

गाजराला 5 सेंमी पुरतात. त्याची काढलेली रोपं दुसरीकडे लावायच्या भानगडीत मी पडत नाही, सोटमूळ दुखावलं की गाजराला फाटे फुटतात. (घरात यावरून दरवेळी वाद: जिवंत रोप टाकायचं कसं?) बिटाची कापलेली कोवळी पानं टाकायची गरजच नाही. धुऊन कच्चीच खाते, मुळ्याचीसुद्धा.