पहिल्या नोकरीचा पीएफ आणि अडकलेली एक तारीख

पहिली कंपनी सोडताना जे जे घ्यायचं असतं ते सगळं मी घेतलं होतं. नोटीस पिरियड पूर्ण केला, लॅपटॉप परत दिल्याची पोच घेतली, रिलीव्हिंग लेटर, एक्स्पीरियन्स लेटर, फुल अँड फायनलचा हिशेब, सगळं फाइलला लावलं. तरीही माझा पीएफ अडकला, कारण कंपनीने पीएफच्या पोर्टलवर माझी नोकरी सोडल्याची तारीख चुकीची भरली आणि ती दुरुस्त करण्याची त्यांना गरज वाटेना. आता पैसे नव्या खात्यात आलेत, पण राग काही गेलेला नाही. माझ्यामागून एमबीए करून बाहेर पडणाऱ्यांना हे माहीत असायला हवं, म्हणून लिहितेय.

सीईटी, कॅप राउंड, पुण्यातली दोन वर्षं, समर इंटर्नशिप, कॅम्पसमधून फायनान्स कंपनीत नोकरी, हे सगळं रांगेत झालं, त्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. पॅकेज ४ लाख २० हजारांचं होतं. महिन्याचं बेसिक १४,०००. त्यातले १२ टक्के, म्हणजे १,६८० रुपये, माझ्या पगारातून पीएफला जायचे आणि तेवढेच कंपनी भरायची. कंपनीच्या १,६८० पैकी १,१६६ पेन्शनच्या खात्यात आणि ५१४ पीएफमध्ये. कंपनीचा हा हिस्साही सीटीसीच्या, म्हणजे कंपनी आपल्यावर वर्षाला करते त्या एकूण खर्चाच्या, आकड्यात धरलेला असतो, म्हणजे तो आपल्याच मेहनतान्याच्या हिशेबातला पैसा. वर्गात आम्ही नेट प्रेझेंट व्हॅल्यूची गणितं वहीभर सोडवली, पण भविष्य निर्वाह निधीचा १९५२ चा कायदा मात्र एचआरच्या पेपरला एका टिपेपुरता आला. स्वतःचा यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा नंबर, टाकून पासबुक कसं वाचायचं, यावर एक तास दिला असता तरी पुरे होतं.

माझा शेवटचा दिवस होता १३ ऑक्टोबर २०२३, शुक्रवार. सोमवारी, १६ तारखेला, ठाण्यातल्या नव्या कंपनीत रुजू झाले. जुन्या कंपनीने पोर्टलवर 'डेट ऑफ एक्झिट' टाकली ३१ ऑक्टोबर. त्यांचं पेरोल, म्हणजे पगाराचा हिशेब, महिनाअखेरीला बंद होतं, म्हणून सगळ्यांनाच महिन्याची शेवटची तारीख लावतात, असं नंतर कळलं. परिणाम असा, की सरकारी नोंदीत मी सोळा दिवस दोन कंपन्यांत एकाच वेळी नोकरी करत होते. जुना पीएफ नव्या खात्यात आणण्यासाठी ट्रान्सफरचा क्लेम टाकला तो सर्व्हिस ओव्हरलॅप म्हणून नामंजूर.

कंपनीने तारीख टाकलीच नसती तर बरं झालं असतं. रकाना रिकामा असेल तर शेवटचा हप्ता जमा झाल्यावर दोन महिन्यांनी पोर्टलच्या 'मॅनेज' मध्ये जाऊन 'मार्क एक्झिट' आपलं आपल्याला करता येतं, आधारच्या ओटीपीवर. पण एकदा कंपनीने चुकीची का होईना तारीख भरली, की तो रस्ता बंद. मग जॉइंट डिक्लेरेशन, म्हणजे नोंद दुरुस्त करण्याचा अर्ज, आणि तो तेव्हाच्या नियमाप्रमाणे आधी कंपनीने आपल्या लॉगिनमधून मंजूर करायचा. मी रिलीव्हिंग लेटर आणि शेवटची सॅलरी स्लिप जोडून अर्ज केला. तो कंपनीच्या लॉगिनला जाऊन पडला आणि पडूनच राहिला.

फोन केला की एचआरच्या मॅडम म्हणायच्या, "पीएफचं सगळं पेरोल व्हेंडर बघतो." व्हेंडर म्हणायचा, "आम्ही फक्त कंपनीशी बोलतो, एम्प्लॉयीशी नाही." माझी एक्झिट ज्यांनी केली होती ते कंपनी सोडून गेलेले. मेलला उत्तर आलं तर एका ओळीचं, "विल चेक अँड रिव्हर्ट." जेवणाच्या सुट्टीत जिन्यात उभी राहून मी हे फोन करायचे. कामावर असताना महिनाअखेरीच्या टार्गेटसाठी हीच माणसं रात्री नऊला फोन करत, आणि तेव्हा मी एकदाही उचलला नाही असं झालं नव्हतं.

प्रत्येक महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यात पीएफ कार्यालयाचं 'निधी आपके निकट' शिबिर असतं. तिथे गेले. समोरच्या अधिकाऱ्यांनी स्क्रीन बघून स्पष्ट सांगितलं, की तुमचा अर्ज आमच्यापर्यंत आलेलाच नाही, तो कंपनीकडेच आहे, ईपीएफआयजीएमएस वर, म्हणजे पीएफच्या तक्रार पोर्टलवर, तक्रार नोंदवा. मी ती त्याच दिवशी नोंदवली.

खरं कारण मात्र बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सापडलं. एचआर स्पेशलायझेशनची एक मैत्रीण म्हणाली, "अगं, त्यांच्या ऑथोराइज्ड सिग्नेटरीची डिजिटल सही चालू आहे का ते विचार. सही संपली असेल तर त्यांना काहीच मंजूर करता येणार नाही." विचारलं. सही करणारे गृहस्थ राजीनामा देऊन गेलेले आणि त्यांच्या जागी कुणाचीच नोंदणी केलेली नव्हती. म्हणजे इतके महिने "चेक करतो" म्हणणाऱ्या एकानेही लॉगिन उघडून पाहिलं नव्हतं. याच कंपनीत माझ्याबरोबर कॅम्पसमधून लागलेले आणखी दोघं त्याच जागी अडकले होते.

आम्ही तिघांनी मिळून एक मेल लिहिला. यूएएन, अर्जाच्या तारखा, तक्रारीचे क्रमांक, नवीन सिग्नेटरी कधी नोंदवणार हा सरळ प्रश्न, आणि सीसीमध्ये कॉलेजचे प्लेसमेंट सर. ती कंपनी त्या सीझनला पुन्हा कॅम्पसला येणार होती. सरांनी त्यांना फोन करून विचारलं, की मागच्या मुलांचे पैसे अडकवून तुम्ही नवीन मुलं मागायला कसे येता? त्याच संध्याकाळी मॅडमचा मला आपणहून फोन आला. पंधरवड्याच्या आत नवी सही नोंदवली गेली, अर्ज पुढे सरकला, तारीख १३ ऑक्टोबर झाली. सर आता निवृत्त आहेत. कॉलेजने मला काय दिलं असं कुणी विचारलं तर मी आधी त्यांचं नाव घेते, मग सिलॅबसचं.

त्यानंतरचा ट्रान्सफर सुरळीत झाला. क्लेम करताना प्रमाणित करणारी कंपनी म्हणून तेव्हा मी मुद्दाम नवी कंपनी निवडली, जुनी नाही.

पैसे काढून का घेतले नाहीस, असं घरी विचारत होते. सलग पाच वर्षं पूर्ण व्हायच्या आत पीएफ काढला तर ती रक्कम करपात्र होते. ट्रान्सफर केला तर जुन्या नोकरीचा काळ या पाच वर्षांत मोजला जातो. पेन्शनला लागणाऱ्या दहा वर्षांतही तो धरला जातो. शिवाय २०२३-२४ चं व्याज ८.२५ टक्के होतं. तिशीच्या आत दोन-तीन नोकऱ्या बदलणाऱ्याने दर वेळी खातं मोडलं तर ही वर्षं कधी साचणारच नाहीत.

जानेवारी २०२५ पासून नियम सोपा झालाय. यूएएन १ ऑक्टोबर २०१७ नंतरचा आणि आधारशी जोडलेला असेल तर नाव, जन्मतारीख, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख अशा दुरुस्त्या कंपनीच्या मंजुरीशिवाय करता येतात. त्याआधीचा यूएएन असेल तर कंपनीचा उंबरठा अजून चुकत नाही, त्यामुळे सिग्नेटरीचा प्रश्न आधी विचारा.

आणि नवीन नोकरी लागली की पहिल्याच महिन्यात पोर्टलवर 'व्ह्यू' मधली सर्व्हिस हिस्टरी उघडा. रुजू झाल्याची तारीख ऑफर लेटरशी ताडून बघा. वडिलांचं नाव बरोबर आहे का आणि आपल्या नावाचं स्पेलिंग आधारप्रमाणे आहे का तेही पाहा. कंपनी सोडताना एचआरला लेखी मेल करा, की पोर्टलवर शेवटचा कामाचा दिवस हाच टाका, आणि त्यात तारीख आकड्यात लिहा. आमच्या ऑफिसात आता नव्याने येणाऱ्या एमबीएच्या मुलांना मी पहिल्या आठवड्यातच बसवून हे पेज उघडायला लावते. गेल्या बॅचमधल्या एकीच्या वडिलांचं नाव चुकलेलं निघालं, ते जागेवरच दुरुस्तीला टाकलं.