लकव्याचा पेशंट आला की मी आधी वेळ विचारते

कॅज्युअल्टीच्या दारात स्ट्रेचर थांबलं की नातेवाईक सांगतात, "सकाळी सहाला उठवायला गेलो, तर हात उचलेना." नर्स म्हणून माझा पुढचा प्रश्न ठरलेला: रात्री झोपताना बोलणं-चालणं नीट होतं का, आणि तेव्हा किती वाजले होते? वेळ मोजायची ती उठल्यापासून नाही, माणूस शेवटचा ठणठणीत दिसला तेव्हापासून. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. चोपडा-यावलच्या खेड्यातून जळगाव गाठण्यातच त्यातला बराच वेळ जातो.

घरी ओळखायला मिनिटभर पुरतं. दात दाखवून हसायला सांगा. तोंडाची एक बाजू ओघळलेली दिसेल. डोळे मिटून, तळवे वर करून दोन्ही हात समोर धरायला लावा आणि दहापर्यंत मोजा. कमजोर हात हळूहळू खाली येतो, तळवा आत वळतो. मग एखादं वाक्य बोलायला सांगा. अहिराणी बोलणाऱ्या आजीला अहिराणीतच विचारा. पुस्तकी मराठीत ती अडखळली तर त्यावरून काही कळत नाही. अचानक तोल जाणं, एका डोळ्याने दिसेनासं होणं, कधी नव्हे इतकं डोकं ठणकणं, याही खुणाच. एक जरी दिसली तरी १०८ लावा.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, तेव्हा वेगळाच घोळ होतो. केळीच्या बागेतून आलेला माणूस बरळायला लागला की "ऊन लागलं" म्हणत त्याला कांद्याचा रस, पन्हं पाजतात. उन्हाने माणूस बरळतो, बेशुद्धही पडतो. पण हात-पाय एकाच बाजूचे लुळे पडले तर तो लकवाच समजा. लकव्यात गिळणंही बिघडलेलं असू शकतं, मग पाजलेला घोट श्वासनलिकेत उतरतो आणि न्यूमोनिया होतो. म्हणून तोंडाने काहीही नको, पाणीसुद्धा. ॲस्पिरिनही नको: गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटी स्कॅनशिवाय कोणालाच सांगता येत नाही, आणि रक्तस्राव असेल तर ती गोळी घातच करते. उलटी होत असेल तर कुशीवर वळवा.

निघताना दवाखान्यात फोन करून दोनच गोष्टी विचारा: सीटी मशीन आत्ता चालू आहे का, आणि लकव्याचं इंजेक्शन मिळतं का? "घेऊन या, बघू" हे उत्तर पुरेसं नाही. चालू गोळ्यांच्या सगळ्या स्ट्रिपा पिशवीत टाका. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर इंजेक्शनचा निर्णयच बदलतो. आधार आणि रेशन कार्ड मागून कोणीतरी आणेल, त्यासाठी गाडी थांबवू नका.

आत आल्यावर आम्ही बोटाला सुई टोचून साखर बघतो, कारण साखर फार उतरली तरी हुबेहूब लकव्यासारखं दिसतं. मग सीटी. इंजेक्शनआधी बीपी १८५/११० च्या खाली आणावं लागतं, त्यासाठी शिरेतून औषध देतात. घरीच बीपीची जास्तीची गोळी देऊन ते उतरवायला जाऊ नका. एकदम पडलं तर मेंदूचा उरलासुरला रक्तपुरवठाही तुटतो.

सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे दहा-पंधरा मिनिटांत आपोआप बरा होणारा झटका. तोंड सरळ झालं, की माणूस चहा पिऊन कामाला लागतो. मोठा झटका येण्याचा धोका पुढच्या दोन दिवसांतच सर्वात जास्त असतो, तेव्हा त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

लकव्याचं सगळ्यात मोठं कारण वाढलेलं बीपी, आणि "आता बरं वाटतं" म्हणून गोळी सोडणारे आमच्याकडे रोज दिसतात. घरी मोजताना तंबाखू-चहानंतर अर्धा तास जाऊ द्या, पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसा, पट्टा सदऱ्यावरून न बांधता उघड्या दंडाला बांधा, हात छातीच्या पातळीवर ठेवा. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहा. ते सतत १३५/८५ च्या वर येत असतील तर वही घेऊन डॉक्टरकडे जा. मिठाचं म्हणाल तर दिवसाला सगळं मिळून एक चमचा, म्हणजे ५ ग्रॅम. शेवभाजी, लोणचं आणि खिचडीसोबतचे उडदाचे पापड त्यातच मोजायचे. पापडखारातही सोडियमच असतं.