आमची वाटचाल : तिसरी बँक आणि हरवलेला जी

डार्क बेस या इलेक्ट्रॉनिक संगीतासाठी आवाज घडवून विकायचे, हा आमचा धंदा. लूप (सलग फिरणारे तुकडे) नाहीत, फक्त प्रीसेट (सिंथेसायझरची, म्हणजे सिंथची, तयार सेटिंग्ज) आणि वन-शॉट (एकदाच वाजणारे सुटे आवाज). अशा आवाजांचा एक संच म्हणजे बँक. सुरुवात दोघांनी केली. सिंथची बाजू आमची, रेकॉर्डिंग भागीदाराचं. त्याचं हत्यार म्हणजे 27 मिलिमीटरची पिएझो चकती (कंपनं विजेत बदलणारी), लोखंडी फाटकाला टेपने घट्ट बसवलेली. ही चकती साध्या लाइन इनपुटला जोडली की आवाज पत्र्यासारखा येतो आणि लोक चकतीला नावं ठेवतात. दोष इनपुटचा असतो. चकतीची धारिता (कपॅसिटन्स) 20 नॅनोफॅरडच्या आसपास. 10 किलोओहमच्या इनपुटवर 800 हर्ट्झखालचं सगळं गळायला लागतं. मध्ये 1 मेगाओहम इनपुटचा बफर (छोटं जोड-सर्किट) घातला की तीच सीमा 8 हर्ट्झवर जाते. पहिल्या बँकेतली फाटकाची घरघर या बफरची कमाई आहे, प्लगिनची नव्हे.

पहिल्या दोन बँका चांगल्या खपल्या. तिसरीने आम्हाला बुडवायचंच बाकी ठेवलं होतं.

हेडफोनवर बेस भरगच्च वाटावा म्हणून आम्ही उजवा चॅनल 10 मिलिसेकंद मागे सरकवला, तोही सब (बेसचा सर्वात खालचा थर) वेगळा न काढता, अख्ख्या पॅचवर (घडवलेल्या आवाजावर). 10 मिलिसेकंद म्हणजे 50 हर्ट्झचं बरोबर अर्धं आवर्तन. दोन्ही चॅनल मोनोत (एकाच चॅनलमध्ये) मिसळले की 50 हर्ट्झ स्वतःलाच खोडतो. खालचा जी हा स्वर 49 हर्ट्झचा, तो 30 डेसिबलने पडला. एफ 14 ने. हेडफोनमध्ये डावं-उजवं कधी मिसळतच नाही, म्हणून आम्हाला पत्ता लागला नाही. क्लबचे सबवूफर मात्र बहुधा मोनोतच चालतात.

तक्रारी आल्या, पैसे परत मागितले गेले. पहिल्या बँकेपासूनच्या एका ग्राहकाने मात्र पैसे मागितले नाहीत. त्यांनी लिहिलं, "जी लागला की सब नाहीसा होतो, वरच्या ईला परत येतो." एवढ्या एका ओळीवरून चूक सापडली. आजही नवी बँक सर्वात आधी त्यांच्याकडे जाते.

आम्ही ती बँक मागे घेतली, सगळ्यांचे पैसे फेडले. भागीदार बाहेर पडला. त्याच सुमारास एका मोठ्या विक्रेत्याच्या बँकेत आमचेच अकरा वन-शॉट निघाले. नावं बदललेली, सुरुवातीचे 12 मिलिसेकंद कापलेले. हे ओळखायची रीत सोपी आहे : दोन्ही फाइली नेमक्या जुळवून एकीची पोलॅरिटी उलटी करा (लहर वरची खाली) आणि दोन्ही एकत्र वाजवा. शांतता झाली तर फाइल एकच. पूर्ण शांतता झाली. जीवरची चूकसुद्धा त्यांनी जशीच्या तशी विकली, आणि त्यांना कोणी जाब विचारला नाही. हे अजून खुपतं.

पुढची वर्षं कामात गेली.

आता रीस बेस, म्हणजे सुरात किंचित फरक असलेल्या दोन लहरींचा वळवळता बेस, कसा बांधतो ते सांगतो. हे नाव टेक्नो संगीतकार केविन सॉन्डरसन यांच्या 'रीस' या टोपणनावावरून आलं. 1988 चा तो आवाज कॅसिओ सीझेड-5000 या सिंथवरचा. दोन सॉ (करवतीच्या दातांसारख्या) लहरी घ्या, एक 10 सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) वर, एक 10 सेंट खाली. 55 हर्ट्झच्या ए या स्वरावर ही तफावत साधारण 0.64 हर्ट्झची, म्हणजे मूळ स्वर दर दीड सेकंदाला बुडतो. दहाव्या हार्मोनिकला (मूळ स्वराच्या दहापट कंपनसंख्येला) तीच लाट सेकंदाला सहा वेळा येते. वरची ही वळवळ हवीच. खालचं बुडणं नको. म्हणून 100 हर्ट्झखाली वेगळी साइन लहर (हार्मोनिक नसलेला शुद्ध स्वर) : मोनो, दर नोटला फेज (लहरीतली जागा) शून्यापासून, अटॅक (आवाज चढायचा वेळ) 3 मिलिसेकंद. डिस्टॉर्शन फक्त वरच्या थराला, चौपट ओव्हरसॅम्पलिंगने (चौपट सॅम्पल दराने), नाहीतर 44.1 किलोहर्ट्झच्या प्रोजेक्टमध्ये 22.05 च्या वर गेलेले हार्मोनिक दुमडून खाली येतात आणि बेसुरे वाजतात. हाय-पास (खालचं कापणारा फिल्टर) डिस्टॉर्शनच्या नंतर लावा. आधी लावला तर डिस्टॉर्शन दोन लहरींच्या फरकातून नवा खालचा गाळ तयार करतं आणि तो थेट सबवर बसतो. मग फिल्टर हाताने फिरवत 16 बार बाउन्स करा (ऑडिओ फाइल म्हणून उतरवा) आणि त्यातले चांगले दोनच ठेवा. नवशिक्यांनी तिसरा सिंथ विकत घेण्याआधी हे महिनाभर करावं.

प्रत्येक पॅच आम्ही खालच्या ईपासून बीपर्यंत एकेक अर्धस्वर मोनोत वाजवतो. एखादी नोट 3 डेसिबलपेक्षा जास्त पडली की पॅच परत बाकावर. मागच्या बँकेत असे नऊ परत आले. सात सुधारले, दोन टाकून दिले.