शेजारी नसलेले शेजारी

“काका, हे दोघं भाऊ आहेत का रे?” दुर्बिणीला डोळा लावून पुतण्याने विचारलं.

व्याधाच्या खाली, बृहल्लुब्धक तारकासमूहातला हा अंधूक तारा. नुसत्या डोळ्यांना जेमतेम एक ठिपका. दुर्बिणीतून मात्र दोन, एक गडद नारिंगी आणि २७ विकलांवर (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) दुसरा निळसर. खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांच्या जोडताऱ्यांच्या यादीतला क्रमांक ३९४५. रंगांची इतकी देखणी जोडी हिवाळ्यात क्वचितच सापडते.

म्हटलं, “नाही रे. निळा साधारण २५० प्रकाशवर्षांवर, नारिंगी त्याच्याही हजारो प्रकाशवर्षं मागे. आपल्याला एका रेषेत दिसतात, एवढंच.”

तो पुन्हा बघत राहिला. “मग त्यांना एकमेकांचं माहीतच नसेल?”

झोपेपर्यंत ते डोक्यातून जाईना. त्या निळ्यापाशी कुणी असेलच, तर त्यांच्या आकाशात नारिंगीला जोडीदार म्हणून कोण दिसत असेल?