कर्नाळ्याचा सुळका

पनवेलहून पेणकडे जाताना, डोंगराच्या माथ्यावर कुणी अंगठा उभा धरावा तसा कर्नाळा किल्ल्याचा सुळका दूरवरून दिसतो. तो सगळ्यांना दिसतो, पण प्रत्येकाला तो निराळ्या मुलखाच्या मधोमध उभा असल्यासारखा वाटतो.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, सर्वसाधारणपणे २० मीटरच्या अंतराने काढलेल्या असतात. शंभर फुटांहून उंच, सरळसोट उभ्या कातळाला अशा नकाशावर एकमेकींना चिकटलेल्या जेमतेम एक-दोन रेषा मिळणार. किल्लेदाराच्या नजरेने पाहिले, तर महत्त्व सुळक्याचे नसून त्याच्या टापूतल्या वाटांचे होते, कारण कोकणातल्या बंदरांतून बोरघाटाकडे जाणारा माल तिथून न्याहाळता येई. म्हणूनच शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये घेतलेला हा किल्ला १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांकडे गेला आणि १६७० मध्ये पुन्हा जिंकून घ्यावा लागला. इंग्रजांना या वाटांपेक्षा डोंगराचा आकार लक्षात राहिला असावा. त्यांनी कर्नाळ्याला ‘फनेल हिल’, म्हणजे नरसाळ्याचा डोंगर, म्हटले. पण डोंगर आकारावरून ओळखणे इथे नवे नव्हते. डोंगरमाथे, देवळे आणि झाडे एका रेषेत धरून समुद्रातली जागा ओळखण्याची विद्या आपल्या कोळ्यांना अर्थातच त्याआधीपासून अवगत होती, फक्त ती कागदावर उतरली नाही.

मला सर्वांत जास्त कुतूहल वाटते ते सुळक्यावरच्या मधमाश्यांच्या पोळ्यांचे. प्रस्तरारोहकांच्या दृष्टीने ती धोक्याची खूण असते, आणि त्या बाजूने चढू नये असे अनुभवी मंडळी बजावतात. मध गोळा करणाऱ्या कातकऱ्यासाठी मात्र पोळे म्हणजे वाट टाळण्याचे नव्हे, वाट काढण्याचे कारण. खैरापासून कात काढणे हा या समाजाचा जुना व्यवसाय. त्यामुळे ‘घनदाट वन’ अशा एकाच हिरव्या रंगात आपण जे उरकून टाकतो, त्यात त्यांना खैर कुठे, खेकड्यांचा ओढा कुठे, कंद कुठल्या उतारावर, असे कितीतरी वेगळे प्रदेश दिसत असणार. पुढे १९६८ मध्ये इथे पक्षी अभयारण्य झाले आणि त्याच जंगलाभोवती सरकारी हद्द आखली गेली. या हद्दीमुळे पक्ष्यांना आसरा मिळाला हे खरेच, पण ती आखताना जुन्या पायवाटांना विचारले गेले असेल, असे मला वाटत नाही.

पक्षिनिरीक्षकांचा कर्नाळा तर ऋतूप्रमाणे बदलतो. तिबोटी खंड्या हा इवलासा रंगीत पक्षी पावसाळ्यात इथे दरडीत बीळ करून वीण घालतो, त्यामुळे एरवी कुणी ढुंकूनही न पाहिलेली ओढ्याकाठची मातीची दरड त्या काळात त्यांच्यासाठी सबंध किल्ल्यापेक्षा मोठी होते. पाऊस सरल्यावर तीच दरड पुन्हा नुसती दरड. असा नकाशा कुणी खरोखर काढलाच, तर त्याच्या कोपऱ्यात दिशा आणि प्रमाण यांच्या जोडीला महिनाही लिहावा लागेल.