वेंचीची काजू बी

आज घानातल्या वेंचीला होते, कच्ची काजू बी बघायला. गोणीचं तोंड सोडलं आणि थेट आजीच्या पडवीतला वास! विकणाऱ्या काकू बी मधोमध कापून गर दाखवत होत्या. दोन काळ्या निघाल्या, त्या न सांगता बाजूला टाकल्या. बोंडू मात्र झाडाखाली सडत पडलेले. गोव्यात याची फेणी करतात म्हटल्यावर सगळे खोखो हसले. ही बी इथे फारशी फोडतच नाहीत, बहुतेक सगळी व्हिएतनामला नाहीतर आपल्याकडे येते.

दुपारी फुफू खाताना गावच्या राजकारणावर गाडी आली. 1969 साली पंतप्रधान झालेले कोफी बुसिया याच गावचे, हे दोघांनी दोनदा सांगितलं. जिल्हा असेंब्लीची निवडणूक इथे पक्षचिन्हाशिवाय होते. 70 टक्के सदस्य लोक निवडतात, उरलेले राष्ट्राध्यक्ष नेमतात. जिल्ह्याचा मुख्य कारभारीही त्यांच्याच पसंतीचा, असेंब्ली फक्त मंजुरी देते. "मग पक्ष नाही कसा?" विचारलं, तर काकूंनी नुसत्या भुवया उडवल्या. कळलं!

पैसे मोबाइलवरून दिले. काकूंनी मेसेज दोनदा वाचला, मगच गोणी शिवायला घेतली.