जेवणाच्या फोल्डरमध्ये रिंगण

मी असिस्टंट एडिटर. म्हणजे खरा एडिटर सोमवारी येऊन बसणार, त्याच्या आधी शूटिंगवरून आलेला सगळा कचरा निवडून, नावं देऊन, आवाज जुळवून त्याच्या ताटात वाढायचा, हे आपलं काम. शेवटी श्रेयनामावलीत नाव येतं ते इतक्या भरकन निघून जातं की आईला पॉज करून दाखवावं लागतं.

गेल्या आषाढीनंतरची गोष्ट. माउलींच्या पालखीसोबत चालणाऱ्या एका दिंडीवर डॉक्युमेंटरी होती. आळंदी ते पंढरपूर सगळं शूट झालेलं आणि रविवारी सकाळी दादा (म्हणजे डिरेक्टर, आमच्याकडे सगळे त्यांना दादाच म्हणतात) नारायण पेठेतल्या आमच्या खोलीवर आले आणि चार टीबीची हार्ड डिस्क टेबलावर ठेवून म्हणाले, "बघ रे बाबा." उघडली तर आत न्यू फोल्डर, न्यू फोल्डर २, नीरा, नीरा खरं, लोणंद, लंच, फायनल डंप. दोन सोनी कॅमेरे (एक ए, एक बी), एक गोप्रो, एक ड्रोन, आवाजाचा वेगळा रेकॉर्डर आणि कुणाच्या तरी फोनवरचे व्हिडिओ. दोन्ही सोनीच्या क्लिपची नावं सी०००१ पासूनच सुरू होणार, त्यात कार्ड फॉरमॅट केलं की नंबर परत पहिल्यापासून, त्यामुळे "सी००१२ कुठंय" या प्रश्नाला माझ्याकडे एकूण सात उत्तरं होती.

पहिला नियम, आलेल्या डिस्कवर काहीच करायचं नाही. आधी दुसऱ्या डिस्कवर कॉपी, तीही नुसती ओढून टाकलेली नाही, चेकसम जुळवणाऱ्या (म्हणजे मूळ फाइल आणि कॉपी तंतोतंत एकच आहे का ते तपासणाऱ्या) सॉफ्टवेअरनं, आणि कामाला बसायचं ते कॉपीवर. यात दुपार गेली. तेवढ्यात गोप्रोचं निस्तरलं. तो पताकेच्या काठीला बांधलेला, आणि गोप्रो मोठी क्लिप तुकडे करून ठेवतो, पण तुकड्याचा नंबर आधी लिहितो आणि क्लिपचा नंतर. जीएक्स०१००३४, मग जीएक्स०२००३४. नावाप्रमाणे लावलं की सगळ्या क्लिपचे पहिले तुकडे एकत्र, मग सगळ्यांचे दुसरे, म्हणजे वारी लोणंदहून निघते आणि मधेच दिवे घाटात पोचते.

आवाजाचं तर विचारूच नका. सॉफ्टवेअर दोन्हीकडच्या आवाजाच्या लाटा बघून आपोआप जुळवतं, पण टाळ एकसारखा वाजत असतो ना, सगळ्या लाटा एकमेकींच्या जुळ्या बहिणी, त्यामुळे ते एक ठेका पुढंमागं जाऊन बसतं आणि बघणाऱ्याला नुसतं काहीतरी खटकत राहतं. मी शेवटी कुणीतरी एकट्यानं मोठ्यांदा "पुंडलिक वरदे" म्हणलेलं शोधायचो आणि त्यावर हातानं जुळवायचो.

संध्याकाळी दादांचा फोन. चांदोबाच्या लिंबाचं रिंगण बी कॅमेऱ्यात आहे का ते बघ म्हणाले. ज्यांनी वारी केली नाही त्यांच्यासाठी सांगतो, लोणंदहून तरडगावला जाताना वाटेत चांदोबाचा लिंब लागतो आणि तिथं पहिलं उभं रिंगण होतं, दोन्ही बाजूंना वारकरी उभे राहतात आणि मधून अश्व धावतात. ते गेले की लोक टापांखालची माती कपाळाला लावायला वाकतात. दादांना तेच हवं होतं. ए कॅमेरा लांब ट्रॉलीवर उभा होता, त्यात नुसत्या टोप्या आणि धूळ. बी कॅमेरावाला ओळीत घुसला होता.

बी कॅमेऱ्याचं चारच्या आसपासचं सगळं बघितलं. अश्व नाही. नुसते रस्त्यानं चालणारे लोक. कॅमेरावाल्याला फोन केला तर तो शपथेवर सांगतो की केलंय, माझ्या पायावर माती उडाली. दादा गप्प झाले. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

मग रात्री नऊच्या सुमाराला, वडापाव खाता खाता, मी नुसतेच फोल्डरचे आकडे बघत होतो. लंच, ५२ जीबी. शूटिंगवर डेटा कॉपी करणाऱ्या पोरानं (हुशार आहे पोरगा, पण त्याला रोज रात्री दोन वाजता झोपायला मिळत होतं) बी कॅमेऱ्याच्या वेळेप्रमाणे गट केले होते, एक ते तीन म्हणजे दुपारचा विसावा, म्हणजे लंच. दादांनीच सांगितलं होतं की जेवणाचं आपल्याला नको, म्हणून कुणी उघडलं नव्हतं, मीसुद्धा. पण हे कॅमेरे सेकंदाला १०० मेगाबिटवर चालवले होते, म्हणजे तासाला साधारण ४५ जीबी. ५२ जीबी म्हणजे सत्तर मिनिटं. पिठलं-भाकरी सत्तर मिनिटं कोण शूट करतं?

उघडलं. पहिल्या काही क्लिप खरंच पंगतीच्या. पुढं रस्ता. आणि मग एक क्लिप, वेळ २:३५, माणसं ओळीत उभी, त्या दिवशी पाऊस नव्हता, स्वच्छ ऊन, आणि प्रत्येकाची सावली जवळजवळ त्याच्याएवढीच लांब. आषाढात आपल्याकडे सूर्य दुपारी डोक्यावर असतो, अडीचला इतकी लांब सावली पडूच शकत नाही. मी ती क्लिप चालवलीच नाही लगेच. आधी दार लावून आलो, का ते माहीत नाही. मग प्ले केलं आणि सोळाव्या सेकंदाला अश्व स्क्रीन फाडून गेला, लेन्सवर माती, आणि एक म्हातारी आजी कॅमेऱ्याला ढकलून खाली वाकली.

ए कॅमेऱ्यातल्या त्याच धावेशी वेळ ताडून बघितली. फरक एक तास तीस मिनिटं, वर काही सेकंद. सगळ्या दिवसांचा तोच. क्लिपच्या आत कॅमेऱ्याचा सिरीयल नंबर लिहिलेला असतो, तो काढून बघितला, फक्त त्याच कॅमेऱ्याला ही भानगड. कॅमेरावाल्याला उठवलं. "अरे तो मेहुण्यानं दुबईहून आणलाय," म्हणाला. घड्याळ लावलंस का? "तिथल्याच दुकानात लावून दिलं होतं की." दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागं. म्हणजे अख्खी वारी हा माणूस आमच्याबरोबर चालला आणि त्याचा कॅमेरा दुबईच्या वेळेवर.

मग बी कॅमेऱ्याच्या सगळ्या क्लिपना, कामाच्या कॉपीत, नावापुढं खरी वेळ लावली आणि सगळे गट मोडून परत केले. चार-पाच ठिकाणी अजून असंच निघालं, नीरेत पादुकांना स्नान घातलेलं आमच्याकडे पंगतीच्याही आधी लागलं होतं. दादांना नुसता त्या आजीचा स्क्रीनशॉट पाठवला. पावणेदोनला त्यांचं उत्तर आलं, "माउली". तेव्हा दुसऱ्या बॅकअपचं व्हेरिफाय ६१ टक्क्यांवर होतं. मी खुर्ची मागं केली आणि पाय टेबलावर टाकले, पंख्याचा आवाज टाळासारखा येत होता.